वॉरंटीतला फोन बिघडला: दुकानदाराच्या हाती द्यावा की स्वतः सर्व्हिस सेंटर गाठावं?

गेल्या हंगामात आमच्या घरातले दोन फोन महिनाभराच्या अंतरानं बिघडले. दोन्ही वॉरंटीत. धाकट्या भावाचा आर्णीच्या दुकानातून घेतलेला, माझा ऑनलाइन मागवलेला. भावानं फोन दुकानदाराकडे दिला, मी माझा घेऊन यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्याचा फोन ३७ दिवसांनी परत आला, तोही जसाच्या तसा. माझा नवव्या दिवशी दुरुस्त होऊन हाती पडला. दोन्ही फोनचं दुखणं वेगळं होतं, त्यामुळे यावरून लगेच नियम काढता येणार नाही. पण त्या दोन महिन्यांत बरंच कळलं, आणि गावात अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, माहा फोन बंद पडून राहिला, आता कोठी नेऊ?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुकानात सगळे ‘गॅरंटी’ म्हणतात, डब्यातल्या पुस्तिकेत ‘वॉरंटी’ असते, आणि त्या वॉरंटीत साधारणपणे फुकट दुरुस्तीचं वचन असतं, नव्या फोनचं नाही. कारखान्याचा दोष असेल तर दुरुस्त करायचा की बदलून द्यायचा, हे कंपनी आपल्याकडे ठेवते. बहुतेक कंपन्या फोनला एक वर्ष आणि चार्जर-केबलला सहा महिने देतात. ‘वर्षाच्या आत बिघडला, मला नवाच पाहिजे’ असं म्हणत काउंटरवर भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा दिवस जातो आणि समोरचा माणूस पुढचं ऐकूनच घेत नाही.

बदलून मिळण्याची खरी संधी सुरुवातीच्या दिवसांत असते, बहुधा सात ते दहा. एवढ्यात दोष निघाला तर कंपनीच्या भाषेत तो फोन ‘डीओए’, म्हणजे हाती आला तेव्हाच मेलेला. सर्व्हिस सेंटर तपासून तसा दाखला देतं आणि दाखला दाखवला की दुकानदार दुसरा फोन देतो. डबा, चार्जर, बिल सगळं हवं, फोनवर ओरखडा नको. आपल्याकडे ही संधी हमखास हुकते. दिवाळीच्या आगेमागे फोन घेतला जातो, तेव्हाच सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याची पूजा, होऊन कापसाचा वेचा सुरू झालेला असतो, मजूर मिळत नाहीत, आणि ‘हा वेचा होऊ दे, मग पाहू’ म्हणता म्हणता मुदत संपते. फोन दहा दिवसांच्या आतला असेल तर बाकी काही वाचत बसू नका, उद्या पहिल्या गाडीनं निघा.

दहा दिवस उलटले असतील तर मग खरा प्रश्न, दुकान की सर्व्हिस सेंटर.

दुकानाची बाजू आधी. दुकान जवळ आहे, दुकानदार ओळखीचा आहे, मजुरी बुडत नाही. भावाला तो म्हणाला, "ठेवून जा, आठ-दहा दिवसांत येईल." तो खोटं बोलत नव्हता. त्याचा मुलगा महिन्यातून एक-दोनदा दहा-पंधरा फोन घेऊन यवतमाळला जातो आणि तयार झालेले आणतो. पण त्या ढिगात आपल्या फोनच्या बाजूनं बोलायला कोणी नसतं. भावाचा फोन उन्हात आणि चार्जिंगला असतानाच तापून बंद पडायचा, घरात थंड जागी तासभर व्यवस्थित चालायचा. सेंटरवाल्यांनी पंख्याखाली सुरू करून पाहिला, काही दोष सापडला नाही, परत पाठवला. मुलाला तर दोष काय होता हेही नीट आठवत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे ३७ दिवस भावाकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. फोन कधी दिला, कुठं आहे, कोणी पाहिला, कशाचाच पुरावा नाही. दुकानदारानं नाकारलं असतं तर आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला स्वतः गेलं की हीच गोष्ट वेगळी होते, आणि फरक एका कागदानं पडतो. त्याला ‘जॉबशीट’ म्हणतात, म्हणजे फोन जमा केल्याची सेंटरची पावती.

माझ्या फोनमधून समोरच्याला आवाज जात नव्हता. काउंटरवरच्या मुलानं आधी सिमचा ट्रे काढला आणि त्या फटीत टॉर्च मारून पाहिलं. मी विचारल्यावर त्यानं मलाही दाखवलं. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक पांढरी चिकटपट्टी होती. पाणी लागलं की ती गुलाबी-लाल होते. लाल दिसली की पाण्यानं खराब झाला असं धरून वॉरंटी नाकारतात. माझी पांढरी होती. माझ्याशेजारी दारव्ह्याकडचे एक काका होते, त्यांची गुलाबी निघाली. फवारणी करताना फोन सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, पंपाचा पट्टा ओला, अंगावर घाम. सहा महिन्यांचा फोन, दुरुस्तीचा खर्च सांगितला तो फोनच्या निम्म्या किमतीचा. त्यांनी फोन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो: फवारणीला जाताना फोन घरी ठेवा, नाहीतर धुऱ्यावर डब्यात. पाण्यात चालतो म्हणून जाहिरात केलेल्या फोनलाही पाण्याच्या नुकसानीची वॉरंटी सहसा नसते.

मग जॉबशीट भरली गेली. दोषाच्या रकान्यात मुलानं नुसतं ‘माइक’ लिहिलं आणि फोनच्या स्थितीपुढं ‘स्क्रॅचेस’. मी थांबवलं. दोषापुढं ‘कॉलवर आवाज जात नाही, १२ दिवसांपासून’ आणि स्थितीपुढं ‘उजव्या कोपऱ्यावर एक ओरखडा, काच शाबूत’ असं लिहायला लावलं. तो थोडा कुरकुरला, पण लिहिलं. एवढ्यासाठी कुरकूर सोसायची, कारण उद्या काच फुटलेली मिळाली तर नुसता ‘स्क्रॅचेस’ शब्द आपल्या कामाचा नाही. जॉबशीटवर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर), तारीख, ‘वॉरंटीत’ असा उल्लेख आणि शिक्का हवा. आयएमईआय पंधरा आकडी असतो, *#०६# दाबलं की फोनवरच दिसतो. बिलावरचा, डब्यावरचा आणि फोनमधला नंबर जुळतो का, हे घरूनच पाहून निघा. फोनच्या आतला मुख्य बोर्ड बदलला तर हा नंबर बदलू शकतो, मग परत घेताना नवा नंबर कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी बिल आणि फोन जुळणार नाही.

सर्व्हिस सेंटरची उणी बाजूही मोठी आहे. दोन खेपा, दोन दिवसांची मजुरी, तिकीट, चहापाणी. सुटा भाग नसेल तर तिसरी खेप. काही छोटी केंद्रं फोन जमा करून पुढं नागपूरला पाठवतात. नकाशावर दिसणारं केंद्र बंदही झालेलं असतं, म्हणून आधी फोन करून केंद्र सुरू आहे का आणि आपल्या मॉडेलचा भाग मिळतो का, विचारून निघावं. घरातल्या बाईमाणसाला जमत असेल तर एसटीत त्यांचं तिकीट अर्धं लागतं, तेवढाच खर्च कमी. फक्त फोन परत घेताना ओटीपी मागतात, तो नंबर त्यांच्याजवळ सुरू असायला हवा.

तरी माझं मत पक्कं आहे. जिल्हा एका दिवसात जाऊन येण्याजोगा असेल तर स्वतः जावं. भावाचा फोनही शेवटी तसाच सुटला. दुकानातून परत आल्यावर आम्ही तो फोन तापून बंद पडतानाचा व्हिडिओ माझ्या फोनवर काढला, भर दुपारी अंगणात, मागं घड्याळ दिसेल असा. यवतमाळच्या काउंटरवर तो दाखवला, आणि ज्यात आधी ‘दोष नाही’ निघाला होता त्याच फोनची बॅटरी आणि चार्जिंगचा भाग बदलून मिळाला, फुकट. बऱ्याच कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा तापण्याची तक्रार व्हिडिओशिवाय सिद्ध होणं अवघडच.

हे मत सगळ्या विदर्भाला लागू नाही. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे. तिथल्या माणसाला दोन खेपा करा असं सांगणं अन्याय आहे. त्यांनी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर आपला पिनकोड सांगून घरून फोन नेण्याची सोय आहे का, ते आधी विचारावं. काही कंपन्या कुरिअरनं नेतात आणि दुरुस्त करून पाठवतात. ती सोय नसेल तर दुकानदाराकडे द्यावा, पण दुकानाच्या छापील कागदावर तारीख, आयएमईआय, दोष आणि सही घेऊन. त्याला म्हणावं, "भाऊ, सेंटरवाल्यांची जॉबशीट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवजो." दोष दाखवणारा व्हिडिओही त्याच्या मुलाच्या फोनवर टाकून द्यावा. आमच्या भावानं एवढं केलं असतं तरी ३७ दिवस लागले नसते.

ऑनलाइन घेतलेल्या फोनचं गणित पहिल्या आठवड्यात वेगळं असतं. बदलण्याची मुदत बहुधा सात दिवसांची, आणि विनंती त्या अ‍ॅपवरच करायची असते. डबा फोडतानाचा व्हिडिओ इथं कामी येतो. मुदत संपली की ऑनलाइन आणि दुकान यांत फरक उरत नाही, वॉरंटी कंपनीची असते आणि कुठल्याही अधिकृत केंद्रात चालते. उलट एका बाबतीत ऑनलाइनवाला बरा: त्याच्याकडे पक्कं बिल असतंच. आपल्याकडच्या दुकानांत ‘जीएसटी न लावता देतो’ म्हणून कच्ची चिठ्ठी देतात आणि थोडे पैसे वाचले म्हणून आपण खूश होतो. पक्क्या बिलाशिवाय खरेदीची तारीखच सिद्ध होत नाही. ते पैसे वाचवू नका.

चौकातल्या मोबाईलवाल्याबद्दल थोडक्यात. वॉरंटी संपलेल्या फोनसाठी त्याच्यासारखा माणूस नाही, तासाभरात आणि निम्म्या पैशांत काम करतो. वॉरंटीतल्या फोनचा एक स्क्रूही त्याला उघडू देऊ नका. आतलं सील तुटलेलं दिसलं की कंपनी हात वर करते.

हप्त्यांवर घेतलेला फोन असेल तर अजून एक. ‘फोन बंद, मग हप्ता कशाला भरू’ असं म्हणून हप्ता थांबवलेली पोरं माझ्या ओळखीत आहेत. कर्ज वेगळं आणि वॉरंटी वेगळी. थकलेला हप्ता सिबिलवर चढतो आणि तो उद्या पीककर्जाच्या आड येऊ शकतो.

फोन कुठंही द्या, सिम आधी काढून साध्या बटनांच्या फोनमध्ये घाला. बँकेचे, योजनांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. ई-पीक पाहणीच्या दिवसांत फोन जमा करायचा असेल तर नोंद आधी उरकून घ्या. फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा, दुरुस्तीत फोन पूर्ण कोरा करतात आणि आधी तशी सही घेतात.

आता नकार मिळाला तर. तोंडी नकार घेऊन उठू नका, जॉबशीटवर कारणासह लिहून मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, मात्र हुकूम देऊ शकत नाहीत. हुकूम जिल्हा ग्राहक आयोग देतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा बंगळुरूचा असो की दिल्लीचा. वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. दुरुस्ती, बदली, पैसे परत, नुकसानभरपाई, सगळं तिथं मागता येतं. वेळ लागतो. कायद्यात तीन महिने आहेत, तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चला. म्हणून दहा-बारा हजारांच्या फोनसाठी मी आधी १९१५ वर तक्रार करून तिचा नंबर घेईन, महिनाभर थांबेन, आणि कंपनी हललीच नाही तर आयोगाकडे जाईन.

आमच्या घरी आता दोन्ही बिलं आणि दोन्ही जॉबशीट सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावल्या आहेत. बाबांनीच सांगितलं तसं.