‘सरकारी मशीन चालत नाही’ म्हणून आमच्याकडून ५२,५५० रुपये काढून घेतले

आकडा आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण तोच विचारतो. ५२,५५० रुपये. बाबांच्या दोन कानांच्या दोन मशीनचे. बाबांचं वय ६८, घरात बीपीएल रेशन कार्ड. म्हणजे कानाचं मशीन त्यांना सरकारकडून एक पैसा न भरता मिळायला हवं होतं. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून चालू आहे. अटी एवढ्याच: साठी ओलांडलेली, वयामुळं ऐकायला-बघायला-चालायला कमी झालेलं, आणि बीपीएल कार्ड किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० च्या आत. काठी, वॉकर, चष्मा, कवळी, व्हीलचेअर, कानाचं मशीन, सगळं त्यात बसतं. हे आम्हाला सरकारी दवाखान्यात कुणीही सांगितलं नाही. ज्याचं काम सांगायचं होतं त्यानंच आम्हाला दुकानाचा रस्ता दाखवला.

बाबांनी उभं आयुष्य बेळगावातल्या वडगावच्या पॉवरलूमवर काढलं. मागावरच्या माणसांचे कान जातात हे वडगाव-खासबागात कुणाला सांगायला नको. चार माग एका पत्र्याखाली चालले की शेजारचा माणूस ओरडला तरी ओठ हललेले दिसतात, तेवढंच. अशा आवाजानं आधी बारीक, उंच सूर जातात. म्हणून बाबांना आवाज येतो, पण शब्द कळत नाही. स, श, च, ट गळून पडतात. आई ‘साखर आणा’ म्हणाली की ते नुसते तोंडाकडं बघत राहतात. एकादशीच्या भजनाला जायचं त्यांनी बंद केलं, कारण अभंग कुठवर आला हे कळत नाही आणि टाळ चुकतो. माणूस घरात असून घरात नाही, असं झालं होतं. हे एवढ्यासाठी लिहिते की कुणी म्हणू नये, ‘घाई कशाला केली?’ ज्याच्या घरी असा माणूस बसलाय त्याला घाई होते.

सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी झाली. आलेख काढला, कागद हातात दिला. आम्ही विचारलं, मशीन इथंच मिळेल का? तपासणाऱ्यानं मान वर न करता सांगितलं, ‘सरकारी मशीन येतात कधीतरी. आली तरी कुचकामी असतात, दोन महिन्यांत डब्यात पडतात. वडिलांना खरंच ऐकू यावं असं वाटत असेल तर इथं जावा.’ आणि आलेखाच्या मागच्या बाजूला एका दुकानाचं नाव लिहिलं. शिक्का सरकारी, कागद सरकारी, नाव दुकानाचं. तो कागद मी जपून ठेवलाय. तुम्हालाही असा कागद मिळाला तर टाकू नका.

दुकान चकाचक. आतला माणूस मराठीत बोलणारा, आणि इथंच आमचा अर्धा संशय गेला. आमच्या भागातल्या माणसालाच हे कळेल. दवाखान्यात कन्नड, कचेरीत कन्नड, फॉर्म कन्नड, पाटी कन्नड. मला वाचता येतं, पण बाबांना नाही. दिवसभर ‘हूं, हूं’ करून दमलेल्या म्हाताऱ्याला कुणी ‘या काका, बसा, पाणी घ्या’ म्हटलं की तो माणूस घरचा वाटतो. त्याला हे पुरतं माहीत होतं. तो म्हणाला, ‘सरकारी योजनेच्या मागं लागला तर कन्नड अर्ज भरत फिरशीला काका. तिथं तुमचं मराठी कोण ऐकतंय? आम्ही आपली माणसं.’ आपली माणसं! मराठी बोलून मराठी माणसाचा खिसा कापणारा मला त्या खिडकीतल्या रुक्ष कन्नड कारकुनापेक्षा कितीतरी वाईट वाटतो. कारकून निदान आपलेपणाचं सोंग तरी करत नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप उडते.

त्यानं टेबलावर दोन मशीन ठेवली. एक राखाडी, जरा जाड. म्हणाला, ‘हे सरकारी. शिबिरात वाटतात ते.’ दुसरं बारीक, चकचकीत. आधी राखाडी बाबांच्या कानामागं लावलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘काका, जेवला काय?’ बाबा गप्प. परत विचारलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग दुसरं लावलं, तोच प्रश्न, आणि बाबा पटकन म्हणाले, ‘हो, जेवलो की.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं किंमत काय सांगितली ते कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही.

त्या राखाडी मशीनच्या बॅटरीच्या दारातून केशरी कागदाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. मी बघितलं होतं. नखाएवढं, चिकट, केशरी. मला वाटलं कंपनीची खूण असेल, किमतीचं लेबल असेल. कुणालाही तेच वाटलं असतं. ज्यानं जन्मात कानाचं मशीन हातात धरलं नाही त्याला दुसरं काय वाटणार? घरी पहिली बॅटरी संपल्यावर मी नवीन पाकीट फोडलं तेव्हा समजलं. या बॅटऱ्या हवेवर चालतात. पाठीला चिकटवलेला कागद ओढून काढल्याशिवाय आत हवा जात नाही आणि बॅटरी चालू होत नाही. आकाराप्रमाणं कागदाचा रंग ठरलेला असतो, १३ नंबरला केशरी, ६७५ ला निळा. म्हणजे त्यानं बाबांच्या कानाला बंद मशीन लावून ‘सरकारी मशीन चालत नाही’ हे सिद्ध केलं होतं! ते मशीन सरकारी होतं की नाही हेसुद्धा देव जाणे. दुकानात कुणी दोन मशीनची तुलना करून दाखवली तर आधी दोन्हीचं बॅटरीचं दार उघडायला लावा, कागद काढलाय का ते बघा, मशीन मुठीत धरून शिट्टी वाजते का ते ऐका. चालू मशीन मुठीत शिट्टी मारतं, बंद मशीन मारत नाही.

किंमत सांगताना नेहमीचा खेळ झाला. जोडीचे ६८,०००, ‘आपल्या माणसांसाठी’ ४२,५००, ऑफर आजच्या दिवसापुरती. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७,६५०. कानाच्या मापाचे दोन साचे, १,२०० प्रमाणं २,४००. लगेच ३,००० ॲडव्हान्स, ‘मशीन आवडलं नाही तर परत’, फक्त तोंडी. उरलेल्यातले २०,००० आईच्या गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या बाईला देतं त्या योजनेचे. महिन्याला दोन हजार येतात, तिनं हात न लावता साठवले होते, गुडघ्याच्या औषधाला म्हणून. २५,००० मी पतसंस्थेतून काढले आणि ४,५५० घरात होते ते दिले.

आणि तो जीएसटी! कानाच्या मशीनवर जीएसटी नाहीच. शून्य. ही करप्रणाली आली तेव्हापासून माफ आहे. मी रोज पावत्या हाताळते, पण आमच्या कामात कानाचं मशीन कधी आलंच नाही, मग मला कुठून ठाऊक असणार? दुकानदाराला मात्र नक्की ठाऊक होतं. पावतीवर जीएसटी नंबरच्या जागी नुसती रेघ आहे. म्हणजे ते ७,६५० सरकारला गेलेच नाहीत, सरळ त्याच्या गल्ल्यात पडले. मशीनचा सीरियल नंबरही पावतीवर नाही. तुमच्या पावतीवर दोन्ही मशीनचे नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

त्यानं अजून एक गळ टाकला होता. आमचं गाव सीमाभागातल्या त्या ८६५ गावांत येतं, ज्यांना २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. हा म्हणाला, ‘पावती ठेवा, महाराष्ट्राच्या योजनेतून पैसे परत मिळतील.’ साफ खोटं. ती योजना कॅशलेस आहे, यादीतल्या दवाखान्यात ठरलेल्या उपचारांसाठी. दुकानातल्या पावतीचे पैसे ती परत देत नाही. सीमाभागातल्या माणसाला महाराष्ट्राचं नाव घेतलं की धीर येतो, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

मशीन घरी आलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. जेवताना भांड्यांचा आवाज टोचायचा, शब्द मात्र पूर्वीइतकेच अर्धे. दुकानात गेलं की ‘सवय होईल काका’. शेवटी एका दुसऱ्या, रीतसर नोंदणी असलेल्या ऑडिऑलॉजिस्टकडं, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडं नेलं. त्यांनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि दाखवलं की बाबांचा आलेख त्यात घातलेलाच नाही. सगळे सूर सरसकट वाढवून ठेवलेत. बाबांचे जाड सूर चांगले आहेत, गेलेत ते बारीक, त्यामुळं भांडी बोंबलतात आणि ‘साखर’ ऐकू येत नाही. असंच मशीन ते एकाला ९,००० च्या आसपास देतात म्हणाले. आधी विकणाऱ्याचा सीआरआर नंबर काय, असं त्यांनी विचारलं. भारतीय पुनर्वसन परिषदेकडं ज्याची नोंद असते त्याला तो नंबर असतो. आम्ही दुकानात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, ‘डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात.’ तो डॉक्टर आम्हाला कधी दिसला नाही.

तक्रार करायला निघाले तेव्हा खरा संताप कळला. दवाखान्यात सांगितलं, ‘आम्ही कुणालाही दुकानात पाठवत नाही, तुम्ही स्वतः गेलाय.’ मी मागचं अक्षर दाखवलं. ‘हे कुणाचं अक्षर आहे कसं सांगणार?’ अर्ज मराठीत नेला तर कन्नडमध्ये आणा. कन्नडमध्ये लिहून नेला तर साहेब मीटिंगला. पोच मागितली तर ‘पोच कशाला, आम्ही बघतो की’. जे खातं वयोश्री योजना राबवतं तिथं म्हणाले, शिबिर होऊन गेलं, पुढचं कधी ते वरून कळेल, यादी पंचायतीनं द्यायची असते. पंचायतीत म्हणाले, खात्याचं पत्रच आलं नाही. पोलिसांनी पावती उलटसुलट बघितली. ‘तुम्ही पैसे दिले, त्यांनी वस्तू दिली, ह्यात गुन्हा काय? ग्राहक कोर्टात जावा.’ बंद मशीन लावून म्हाताऱ्याला फसवलं हे सांगितल्यावर तिथला एक जण हसला. हसला! ज्याच्या बापाला ऐकू येतं त्याला हसू येणारच. आणि यातल्या एकानंही, एकाही टेबलावर, एवढं साधं वाक्य उच्चारलं नाही की बाई, तुमच्या वडिलांना हे फुकट मिळतं, नाव इथं लिहा.

ते वाक्य शेवटी भेटलं ते शेजारच्या गावातल्या पुनर्वसन कार्यकर्त्याकडून. कर्नाटकात ग्रामपंचायतीला असा माणूस नेमलेला असतो, व्हीआरडब्ल्यू म्हणतात, बहुतेक वेळा स्वतः दिव्यांग असतो. कन्नड माणूस, मोडक्या मराठीत तासभर बसून समजावलं. वयोश्रीची मशीन कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात, वर्षभर दुरुस्ती फुकट असते. साठीच्या आतल्यांना ॲडिप योजना आहे. त्यात ४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर मशीन पूर्ण फुकट, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या स्थानिक महसूल कचेरीतून. दुकानदारानं बाबांना अशीही भीती घातली होती की सरकारी मशीन घेतलं तर म्हातारपणाची पेन्शन बंद होते. तो माणूस म्हणाला, ‘सुळ्ळू, सगळं खोटं.’ दवाखान्याच्या आधी या माणसाला गाठा. तुमच्या पंचायतीत कोण आहे ते आजच विचारून ठेवा.

त्यानं बाबांचं नाव पुढच्या तपासणी शिबिराच्या यादीत घातलंय. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, ती घालवू नका. सोबत पावती, आलेखाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि दुसऱ्या ऑडिऑलॉजिस्टचं लेखी मत लावलंय. नोटीस गेल्यावर त्या दुकानदाराचा फोन आला. आवाज तसाच गोड. ‘ताई, आपल्यात कोर्ट कशाला, १०,००० परत देतो, अर्ज मागं घ्या.’ मी ५२,५५० सांगितले, पतसंस्थेचं व्याज वेगळं. तो विचार करतो म्हणालाय.