शुलहॉफ विकत घ्यायचा तर : बाजारात मिळतो तो अर्धाच

संगीतकार एर्विन शुलहॉफचं संगीत आज सहज मिळतं. एका काळी ते मिळतच नव्हतं, त्यामुळे ही मोठीच गोष्ट. अडचण अशी की सीडीच्या दुकानात असो की स्ट्रीमिंगवर, जे हाताशी येतं ते बहुतेक १९१९ ते १९३० या काळातलं : दादावादी (कलेच्या रूढ नियमांची मुद्दाम टिंगल करणाऱ्या चळवळीच्या) खोड्या, फॉक्सट्रॉट, टँगो, जॅझ. १९३२च्या सुमारास हा प्रागचा माणूस उघड कम्युनिस्ट झाला आणि त्याने आपली लेखनशैलीच बदलली. तो भाग शोधावा लागतो. म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्याने काय घ्यावं, कशात फसगत होते आणि कशासाठी कष्ट घ्यावेत, ते इथे नीट सांगायला हवं.

आधी शोधाबद्दल. नाव दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, जर्मन ‘एर्विन’ (Erwin) आणि चेक ‘एर्वीन’ (Ervín). दोन्हींनी शोधल्याशिवाय चेक कंपन्यांची जुनी ध्वनिमुद्रणं पुढे येत नाहीत. नुसतं आडनाव टाकलंत तर मध्येच गोडगोड सलॉन छापाचे पियानोचे तुकडे वाजायला लागतील. ते याचे नाहीत, त्याच घराण्यातल्या युलिउस शुलहॉफचे (१८२५–१८९८). क्वार्टेटांच्या (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांसाठीच्या रचनांच्या) आकड्यांचाही घोळ आहे. ‘क्रमांक १’ म्हणजे १९२४चा क्वार्टेट, पण त्याआधी १९१८ साली त्याने जी मेजरमध्ये एक लिहून ठेवला होता, त्यालाही काही ठिकाणी ‘शून्य’ असं लेबल लावलेलं असतं. योसेफ बेक या अभ्यासकाने केलेल्या सूचीतले क्रमांक जवळ ठेवले की प्रश्न मिटतो : ‘पिटोरेस्केन’ ५१, ‘पाच तुकडे’ ६८, पहिला क्वार्टेट ७२, कॉन्चेर्तिनो ७५.

सुरुवात ६८ने करावी. स्ट्रिंग क्वार्टेटसाठीचे हे पाच तुकडे १९२३मध्ये लिहिले, फ्रेंच संगीतकार दारियुस मियोला अर्पण केले आणि पुढच्या वर्षी साल्झबुर्गच्या आधुनिक संगीताच्या महोत्सवात पहिल्यांदा वाजले. सगळे मिळून जेमतेम चौदा मिनिटं : व्हिएन्नाचा वॉल्ट्झ, सेरेनेड, चेक नाच, टँगो, तारांतेला हा वेगवान इटालियन नाच. कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. हा वॉल्ट्झ आहे, पण कागदावर तीनच्या मापात नाही, सम मात्रांच्या मापात लिहिलेला आहे. म्हणजे झोका तीनचा आणि चौकट सम मात्रांची, त्यामुळे जोर सारखा भलत्या जागी पडत राहतो. पट्टीचे वादक तो आघात जिथे लिहिला आहे तिथेच ठेवतात आणि ऐकणाऱ्याचा पाय चुकू देतात. ढिले वादक त्याला खराखुरा गोंडस वॉल्ट्झ करून टाकतात. मग विनोदच संपतो, उरतं ते हॉटेलातलं वादन. टँगोचं उलट : तिथे बरेच जण ‘आम्ही आधुनिक आहोत’ म्हणून ताठ होतात, आणि लयीला लागणारा थोडासा रेलूपणा हरवतो. शेवटच्या तारांतेलात वेग हवाच, पण चारही वाद्यं वेगळी ऐकू यायला हवीत. घुमणाऱ्या हॉलमध्ये केलेल्या मुद्रणात तिथे नुसती खळबळ ऐकू येते.

हॉलच्या घुमण्याचा मुद्दा पहिल्या क्वार्टेटला (७२) तर फारच लागू आहे. इथे ‘प्रेस्तो कोन फुओको’ अशी आगीसारखी सुरुवात आहे, पुढे ‘मालिंकोनिया ग्रोतेस्का’ म्हणजे विक्षिप्त उदासी, मग स्लोव्हाक ढंगाचा नाच आणि शेवटी संथ आंदांते. वेगवान शेवटाची सवय झालेल्या कानांना ही रचना उलटी टांगलेली वाटते. सगळी धमाल आधी आणि अंधार नंतर. या सतरा-अठरा मिनिटांत गजाच्या लाकडाने तार ठोकणं, घोडीच्या अगदी जवळ गज ओढून काढलेला काचेरी आवाज, म्यूट लावून दाबलेले स्वर, हार्मोनिक्स (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले बारीक स्वर) असं बरंच काही आहे. हे सगळे आवाज मुळातच बारीक असतात. माइक लांब ठेवला की लाकडाचा टकटकाट नाहीसा होतो आणि काचेरी आवाज साध्या हळू आवाजासारखा वाटतो. म्हणून या कृतीसाठी जवळून, कोरड्या जागेत केलेलं मुद्रण घ्यावं, ते थोडं खरखरीत वाटलं तरी. पेटरसन क्वार्टेटचं कॅप्रिचिओ कंपनीचं मुद्रण या बाबतीत आजही पुढे आहे : आघात धारदार आहेत आणि शेवटच्या आंदांतेत घाई नाही. नाक्सोसवरचं अवीव क्वार्टेटचं वादन जास्त गोलाईदार आहे, खिशाला परवडतं आणि पहिल्या ओळखीला चांगलं आहे. शेवटच्या भागात आवाज वाढवायचा मोह आवरा. तो भाग कमी आवाजातच संपायचा आहे, आणि वाढवलेल्या आवाजावर पुढचा ट्रॅक सुरू झाला की कान फुटतात.

‘पाच पिटोरेस्केन’बद्दल (१९१९) विक्रेत्यांकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे तिसरा ट्रॅक कोरा आहे. तो कोराच असायचा आहे. ‘इन फुतुरुम’ हा तुकडा फक्त विश्रांतिचिन्हांचा आहे. उजव्या हाताला तीन-पंचमांश आणि डाव्या हाताला सात-दशांश अशी अशक्य मापं, वरच्या ओळीला खालची आणि खालच्या ओळीला वरची किल्ली (ओळीवरचे स्वर कोणते ते ठरवणारी खूण), मध्ये प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं, आणि वर सूचना अशी की सारं शेवटपर्यंत भाव ओतून, मनाप्रमाणे वाजवावं. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या सुप्रसिद्ध शांततेच्या, एकही स्वर न वाजवण्याच्या रचनेच्या, तेहेतीस वर्षं आधीची ही गोष्ट. पण ही चेष्टा कागदावरची आहे. मुद्रणात ती निम्मीच पोचते, आणि सोबतच्या पुस्तिकेत स्वरलिपीचं पान छापलेलं नसेल तर मुळीच पोचत नाही. सीडी घेताना ते पान आहे का, हे बघून घ्या. बाकीचे चार तुकडे नाचाचे आहेत आणि गेओर्ग ग्रोस या चित्रकाराला ते अर्पण केले आहेत. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जाऊन आलेला शुलहॉफ तेव्हा ड्रेस्डेनमध्ये अशाच दादावादी मंडळींत वावरत होता. यातला रॅगटाइम फार पेडल दाबून वाजवला तर फुकट जातो. त्याच वर्षीची ‘सोनाता एरोतिका’ ही एकट्या स्त्रीआवाजासाठीची कृती मात्र घरात सगळे जमलेले असताना स्पीकरवर लावू नये, एवढंच सांगतो. नाव खोटं नाही.

कॉन्चेर्तिनो (१९२५) बासरी, व्हायोला आणि डबल बेस यांचं आहे. मधली पोकळी तशीच मोकळी सोडली आहे, आणि छोट्या स्पीकरवर बेस गेला की कृतीच पांगळी होते. हेडफोन वापरा. ‘हॉट सोनाटा’ (१९३०) ऑल्टो सॅक्सोफोन आणि पियानोसाठी आहे. तिच्या भागांना नावं नाहीत, फक्त वेग सांगणारे मेट्रोनोमचे आकडे आहेत. ज्या सॅक्सोफोनवादकांना जॅझ येत नाही त्यांच्याकडून तिसरा भाग बेचव होतो, आणि ज्यांना फारच येतो ते त्यात भर घालतात. दोन्ही टाळा. ‘फ्लामेन’ हा ऑपेरा (पहिला प्रयोग ब्रनो, १९३२) जॉन मॉचेरी यांच्या संचालनाखाली डेक्काने दोन सीडींवर काढला. डॉन जुआनला मरण येत नाही, आणि मृत्यू ही बाई त्याच्याच प्रेमात पडलेली आहे. मूळ चेक संहितेऐवजी इथे मॅक्स ब्रोडचं जर्मन भाषांतर गायलं आहे. हाताशी संहिता नसेल तर दोन तासांत काहीच कळणार नाही, कारण प्रसंग सरळ रेषेत जातच नाहीत.

हा ऑपेरा डेक्काच्या ‘एन्टार्टेटे म्युझिक’ या मालिकेत आला. ‘विकृत संगीत’ हे नाव नाझींनी १९३८च्या ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनाला दिलं होतं, मालिकेने ते मुद्दाम उलटवून वापरलं. या मालिकेमुळे, आणि त्याआधी व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमरने ऑस्ट्रियातल्या लॉकेनहाउसच्या महोत्सवात ही कामं वाजवल्यामुळे, शुलहॉफ परत आला हे मान्य. पण त्या लेबलाची एक किंमत आहे. मुखपृष्ठावर नुसता ‘नाझींचा बळी’ उरतो, आणि त्याने स्वतः काय निवडलं ते आतल्या पुस्तिकेतल्या एका वाक्यात गुंडाळलं जातं. तो ज्यू होता, त्यामुळे धोका होताच. पण १९४१मध्ये त्याने सोव्हिएत नागरिकत्व मिळवलं होतं, आणि जर्मनी-रशिया अनाक्रमण करार होता तोवर त्या कागदाने त्याला झाकलं. २२ जूनला हिटलरने रशियावर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी शुलहॉफला प्रागमध्ये पकडलं, शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून. म्हणूनच तो ज्यूंना डांबायच्या तेरेझीनच्या छावणीत न जाता बव्हेरियातल्या वाइसेनबुर्गजवळच्या व्यूल्त्सबुर्ग किल्ल्यातल्या छावणीत गेला. तिथे १८ ऑगस्ट १९४२ रोजी क्षयाने वारला. वय अठ्ठेचाळीस. ‘तेरेझीनचे संगीतकार’ अशा संग्रहात त्याचा तुकडा घातलेला दिसला तर संपादकाने घरचा अभ्यास केलेला नाही असं खुशाल समजावं.

आता तो दुसरा अर्धा. १९३२मध्ये शुलहॉफने मार्क्स-एंगेल्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यावर कँटाटा, म्हणजे एकलगायक, कोरस आणि वाद्यांसाठीची मोठी गायनकृती, लिहिली. शब्दयोजना रूडॉल्फ फुक्सची. चार एकलगायक, दुहेरी मिश्र कोरस, मुलांचा कोरस आणि सोबतीला निव्वळ फुंकवाद्यांचा ताफा, तंतुवाद्यं नाहीत. ही निवड विचारपूर्वक आहे : उघड्या मैदानात, सभेत, व्हायोलिन ऐकूच जात नाहीत, तुताऱ्या जातात. पण एवढा फौजफाटा जमवायचा म्हणजे खर्च आला, त्यामुळे पहिला प्रयोग प्रागमध्ये व्हायला १९६२ उजाडलं, लेखकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. आजही सभागृहं तिला घाबरतात. यातलं अर्ध भय पैशांचं आणि अर्ध मजकुराचं असावं. मुद्रण मिळालं तर दोन गोष्टी तपासा. दोन्ही कोरस डावी-उजवीकडे वेगळे ऐकू येतात का? जुन्या मोनो मुद्रणात सवाल-जवाब एकमेकांत मिसळतात आणि सगळं एकसुरी आरोळी वाटतं. आणि मुलांचा आवाज पितळी वाद्यांच्या वर येतो का? तो आला नाही तर लिहिलेला विरोधच ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

पुढच्या सिंफनींना समीक्षक ‘प्रचारकी’ म्हणून एका ओळीत निकालात काढतात. तेवढं सोपं नाही. तिसरी (१९३५) आणि पाचवी (१९३८–३९) यांत एकच लयीचा तुकडा खालच्या वाद्यांत दळत राहतो, त्यावर कूच, त्यावर एकत्रित सूर, आणि विकास फारसा नाही. ज्याने काही वर्षं आधी वॉल्ट्झ चुकीच्या मापात लिहून गंमत केली, त्याला गुंतागुंत करता येत नव्हती असं कोण म्हणेल? त्याने ती सोडून दिली. याची किंमत म्हणजे चौथ्या-पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फायदा म्हणजे पाचवीतला दाब. प्राग नाझींच्या ताब्यात जात असतानाचं ते संगीत आहे, आणि ढोलाचा तोच तो ठेका सुटत नाही तेव्हा ते कळतं. चौथी स्पेनच्या यादवीवर आहे, बॅरिटोनसह. शब्द न समजता ऐकली तर निम्मी हातची जाते. सहावी ‘स्वातंत्र्याची’ (१९४०), शेवटी कोरस. सातवी आणि छावणीत लिहायला घेतलेली आठवी अपूर्ण आहेत, तेव्हा ‘पूर्ण संच’ असं लिहिलेल्या डब्यात आठही सिंफनी असतील अशी अपेक्षा धरू नका.

घेण्याचा क्रम असा ठेवावा : आधी पेटरसन किंवा अवीवची क्वार्टेटं, मग पाचवी सिंफनी, मग जाहीरनामा जसा मिळेल तसा, आणि जॅझ नंतर. दुकानदार उलट क्रमाने देईल, कारण जॅझ त्याच्या समोरच्या फळीवर असतो.