दीर्घ मुदतीसाठी इंडेक्स फंड घ्यावा की बँकांचे शेअर?

सांगली आणि सातारा या दोन्ही शहरांना एकेकाळी स्वतःची बँक होती. साताऱ्यात १९३६ मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांनी युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली आणि सांगली बँक तर १९१६ पासून व्यवहार करत होती. या बँकांत नोकरी करून निवृत्त झालेली आणि त्यांचे शेअर बाळगून असलेली कितीतरी घरे या भागात आहेत, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांसाठी पैसे गुंतवायचे ठरले की एखाद्या चांगल्या बँकेचे शेअर घेऊन स्वस्थ राहावे, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. मुलगा किंवा सून मात्र इंडेक्स फंडाचे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाचे, नाव घेते. दोन्ही मतांत तथ्य आहे. तुलना करताना मला या दोन बँकांचाच इतिहास सर्वांत उपयोगी वाटतो.

सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आणले आणि महिन्याभरातच ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले आणि तिथेच त्यांचा संबंध संपला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा मात्र रोख रकमेऐवजी ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर देण्यात आले. पुढे २०१४ मध्ये त्या शेअरचे दर्शनी मूल्य दहावरून दोन रुपये झाले, म्हणजे एका शेअरचे पाच झाले, आणि २०१७ मध्ये दहा शेअरमागे एक या प्रमाणात बोनस शेअर मिळाले, म्हणजे मूळच्या १०० शेअरचे ५५० झाले. २०२४ च्या अखेरीस या शेअरचा भाव बाराशेच्या वर होता, तेव्हा ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्याकडे साडेसहा लाखांहून अधिक किमतीचे शेअर होते. मार्च २००९ मध्ये मात्र त्याच १०० शेअरची किंमत तीस हजारांच्याही खाली गेली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. या सगळ्यात भागधारकाच्या निवडीला फारसा वाव नव्हता. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या भागधारकांनी आपापल्या गावच्या बँकेवर सारखाच विश्वास टाकला होता आणि त्यांच्या पदरी काय पडेल, हे विलीनीकरणाच्या अटींनी ठरवले.

बँकेच्या शेअरमध्ये ही जोखीम मुळातच असते. बँकेने दिलेल्या शंभर रुपयांच्या कर्जामागे भागधारकांचे साधारण दहा-बारा रुपये असतात आणि उरलेले बहुतेक पैसे ठेवीदारांचे असतात. त्या शंभरातले पाच रुपये बुडाले आणि वसूल झाले नाहीत, तर ठेवीदाराला धक्काही लागत नाही, पण भागधारकाचे जवळजवळ निम्मे भांडवल जाते. शिवाय थकीत कर्ज बाहेरून लवकर दिसत नाही. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची कसून तपासणी सुरू केल्यावर ताळेबंदात झाकलेले बरेच काही उघड झाले आणि मार्च २०१८ पर्यंत थकीत कर्जांचे प्रमाण एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांपुढे गेले. त्यानंतर ते बरेच खाली आले आहे, हे खरे. पण नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँकेचे डीबीएस बँकेत विलीनीकरण झाले तेव्हा ठेवी सुरक्षित राहिल्या आणि भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही. ठेवीदार म्हणून बँकेवर असलेला विश्वास भागधारक म्हणून तसाच लागू करणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंडेक्स फंड ही जोखीम कशी हाताळतो, हे येस बँकेच्या उदाहरणावरून कळते. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास असलेला तिचा शेअर ६ मार्च २०२० रोजी दहा रुपयांच्याही खाली आला. ही बँक त्या काळात निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात होती, म्हणजे निफ्टीचा फंड घेणाऱ्या प्रत्येकाकडे ती होती. परंतु निफ्टीत कंपनीचे वजन, म्हणजे तिचा वाटा, तिच्या बाजारमूल्यानुसार ठरत असल्यामुळे शेअर घसरत गेला तसे तिचे वजनही घटत गेले, आणि मार्च २०२० मध्ये तिला वगळून श्री सिमेंटला घेतले गेले तेव्हा फंडधारकाच्या रकमेत तिचा वाटा नगण्य उरला होता. फंडधारकाला काहीच करावे लागले नाही. ज्याने भाव पडला म्हणून येस बँकेचे आणखी शेअर घेतले, त्याची सरासरी किंमत कमी झाली, पण नुकसान वाढत गेले.

परताव्याचे पारडे मात्र एकतर्फी नाही. मे २०२० मध्ये स्टेट बँकेचा शेअर दीडशेच्या आसपास मिळत होता आणि चार वर्षांत तो आठशेच्या वर गेला. त्याच काळात निफ्टी नऊ हजारांवरून तेवीस हजारांच्या आसपास पोचला. ज्याला तेव्हा स्टेट बँक घेण्याचे धैर्य झाले, त्याला फंडाच्या दुपटीहून अधिक मिळाले. उलट बाजूने पाहिले तर देशातील सर्वांत भक्कम बँकांत गणल्या जाणाऱ्या एचडीएफसी बँकेचा शेअर फेब्रुवारी २०२१ मध्ये दीड हजाराच्या वर होता आणि तीन वर्षांनी त्याहून खाली, चौदाशेच्या घरात होता, तर निफ्टी तेवढ्या काळात पंधरा हजारांवरून बावीस हजारांवर गेला. बँक उत्तम असणे आणि तिच्या शेअरमधून पैसा मिळणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

इंडेक्स फंडही बिनधोक नाही. जानेवारी २००८ मध्ये ६,३०० च्या आसपास असलेला निफ्टी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २,३०० च्या खाली गेला आणि जुनी उंची ओलांडायला २०१३ ची अखेर उजाडली. जवळजवळ सहा वर्षे वाट पाहण्याची तयारी नसेल, तर या तुलनेला अर्थ नाही. अशा व्यक्तीने मुदत ठेवच करावी. दुसरी गोष्ट म्हणजे निफ्टीच्या वजनातला सुमारे एक तृतीयांश हिस्सा बँका आणि इतर वित्तीय कंपन्यांचाच असतो. म्हणून फंडासोबत बँकांचेही थोडे शेअर असावेत, असे म्हणणाऱ्यांकडे ते फंडाच्या मार्गाने आधीच आलेले असतात.

खर्च आणि कराबाबत थोडक्यात सांगतो. निफ्टीच्या अनेक फंडांच्या डायरेक्ट (मध्यस्थाविना थेट घेतलेल्या) योजनेत वर्षाला शंभर रुपयांमागे तीस पैशांहूनही कमी खर्च येतो आणि डीमॅट खाते, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे खाते, लागत नाही. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या गुंतवणुकीवर दोन्हीकडे सारखाच नियम आहे: आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के. मात्र शेअरचा लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर भरावा लागतो, तर फंडाच्या ग्रोथ पर्यायात तो आतच गुंतवला जातो.

बँकांचे शेअर घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. दर तिमाहीला निकाल वाचून निव्वळ थकीत कर्ज (तरतुदी वजा जाता उरलेले), तरतुदींचे, म्हणजे थकीत कर्जांसाठी बाजूला काढलेल्या रकमेचे, प्रमाण आणि चालू-बचत खात्यांतील ठेवींचा वाटा पाहण्याची ज्याला आवड आहे, त्याने शेअर बाजारातल्या आपल्या रकमेचा पाचवा हिस्सा दोन-तीन बँकांत ठेवायला हरकत नाही. ज्याचा पगार, निवृत्तिवेतन किंवा ठेवी एखाद्या बँकेतूनच येतात, त्याने निदान त्या बँकेचे शेअर टाळावेत. सहकारी बँकेचे सभासद-भाग या विचारात धरू नयेत. ते बाजारात विकता येत नाहीत, त्यांची किंमत दर्शनी मूल्याइतकीच राहते आणि लाभांशावर कायद्याने मर्यादा आहे.

या भागात आणखी एक अडचण येते. तासगावच्या बेदाण्याची किंवा सांगलीच्या बाजारातील हळदीची पट्टी एकदम हाती येते आणि ऊसबिलही हप्त्याहप्त्याने मिळते, त्यामुळे दरमहाची एसआयपी, म्हणजे फंडात ठरावीक रक्कम भरत राहणे, नोकरदाराला सोपी वाटते तशी शेतकऱ्याला वाटत नाही. अशा वेळी आलेली रक्कम लिक्विड फंडात, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात, ठेवून तिथून त्याच फंड कंपनीच्या इंडेक्स फंडात दरमहा ठरावीक रक्कम वळवून घ्यावी, म्हणजे एसटीपी करावी. शेअरमध्ये ही शिस्त स्वतः पाळावी लागते आणि हाती पैसा असताना ती सहसा पाळली जात नाही.

ज्यांच्या घरी विलीनीकरणातून आलेले जुने शेअर आहेत, त्यांनी ते एका दिवसात विकून फंडात जाण्याची घाई करू नये. आधी ते कागदी स्वरूपात असतील तर डीमॅट करून घ्यावेत, आणि सात वर्षे लाभांश उचललेला नसेल तर ते सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे वर्ग झाले आहेत का, हे पाहावे. त्यानंतर सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसेल एवढाच नफा होईल, अशा बेताने दर आर्थिक वर्षी थोडे थोडे विकावेत. जुन्या शेअरचा नफा मोजताना ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरण्याची सवलत आहे, त्यामुळे करपात्र रक्कम वाटते त्याहून पुष्कळ कमी निघते.