शार्ल द गोल विमानतळ ते आमियाँ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमियाँ हे उत्तर फ्रान्समधलं सोम नदीकाठचं शहर, पिकार्दी प्रांताची जुनी राजधानी. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापासून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अंतर किरकोळ, पण विमानतळावरून तिथे पोहोचायचे मार्ग दोन-तीन आहेत, आणि कागदावर सर्वांत वेगवान दिसणारा मार्गच नवख्या माणसाला गोत्यात आणतो. हिवाळा आणि उन्हाळा, दोन्ही ऋतूंत हे मार्ग वापरून झाल्यावर मत ठाम झालं आहे: भारतातून थेट उतरत असाल तर आरईआर बी ही उपनगरी गाडी पकडून पॅरिसचं गार द्यु नोर स्थानक गाठा आणि तिथून आमियाँची टीईआर, म्हणजे प्रादेशिक, गाडी घ्या.

टीजीव्हीचा, म्हणजे अतिवेगवान गाडीचा, मोह का होतो, ते समजण्यासारखं आहे. टीजीव्हीचं स्थानक विमानतळाच्या टर्मिनल २ मध्येच आहे. तिथून अर्ध्या तासात गाडी ‘टीजीव्ही ओत-पिकार्दी’ नावाच्या स्थानकावर सोडते, आणि पुढे आमियाँपर्यंत जोडबस असते. पण हे स्थानक आमियाँमध्ये नाही. १९९४ साली ते आमियाँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मधोमध, शेतांत बांधलं गेलं. स्थानिक लोक त्याला ‘बीटांचं स्थानक’ म्हणतात, कारण भोवती खरोखरच साखरबीटाची शेती आहे. बसला पाऊण तास धरा. खरी अडचण वेगळीच आहे. तिथे थांबणाऱ्या टीजीव्ही दिवसाला मोजक्याच, आणि स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं चालतं. विमान दीड तास उशिरा आलं, किंवा पासपोर्टच्या रांगेत अडकलात, की गाडी गेली, तिकीट गेलं आणि पुढच्या गाडीला काही तास. बस टीजीव्हीच्या वेळेला बांधलेली, त्यामुळे तीही चुकते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपबाहेरच्या प्रवाशांची सीमेवर नवी संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे, तेव्हा रांगेचा अंदाज बांधणं आणखी कठीण झालं. सामान हलकं असेल, युरोपातल्याच दुसऱ्या शहरातून आला असाल आणि वेळा जुळत असतील, तरच हा मार्ग निवडावा.

आरईआरचा मार्ग असा. टर्मिनल २ च्या स्थानकावर टीजीव्ही आणि आरईआर एकाच इमारतीत आहेत. टर्मिनल १ किंवा ३ ला उतरलात तर सीडीजीव्हाल नावाची फुकट गाडी घ्या. विमानतळाचं तिकीट वेगळं आणि एकाच ठरलेल्या दराचं असतं. २०२५ मध्ये ते १३ युरो होतं. शहरातलं साधं मेट्रोचं तिकीट इथे चालत नाही, आणि तपासनीस ‘माहीत नव्हतं’ हे कारण ऐकून घेत नाहीत. दर माणशी वेगळं नाविगो कार्ड (ज्यावर तिकीट भरतात ते) लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. यंत्रासमोरची रांग सकाळी लांब असते, म्हणून तिकीट फोनवर घेतलेलं बरं. टर्मिनल २ हे आरईआरचं पहिलंच स्थानक, त्यामुळे बसायला जागा मिळते. थेट गाडी पंचवीस मिनिटांत गार द्यु नोरला पोहोचते, सगळीकडे थांबणारी पस्तीस मिनिटांत. फलाटावरचा फलक बघून थेट गाडी घ्या, पण समोर जी उभी आहे ती सोडून पंधरा मिनिटं थांबण्यात अर्थ नाही.

गार द्यु नोरला आरईआरचे फलाट जमिनीखाली आहेत. बाहेर पडायच्या फाटकावर तिकीट पुन्हा लागतं, ते खिशात वरच ठेवा. नंतर ‘ग्राँद लिन्य’ म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या पाट्या धरून वर या. सरकते जिने चालू असतील तर दहा मिनिटं, बंद असतील आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर वीस. या स्थानकावर पाकीटमार आहेत, हे गृहीत धरूनच फोन आणि पासपोर्ट आतल्या खिशात ठेवावा. आमियाँच्या गाडीचा फलाट सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी फलकावर येतो. तोवर फलकासमोर उभं राहायचं. टीईआरला आसन आरक्षण नसतं, म्हणजे एक गाडी हुकली तर पुढची आहे. विमानाने येणाऱ्याला याच लवचीकपणाचा उपयोग. वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत-बाहेर, थांबत जाणारी त्याहून बरीच जास्त. काही गाड्या आमियाँच्या जरा आधी लाँगो या रेल्वे जंक्शनवर थांबतात. झोपेतून जागं होऊन तिथेच उतरू नका.

विमान टेकल्यापासून आमियाँच्या फलाटापर्यंत साडेतीन ते चार तास धरा. रात्री उशिरा, काही शनिवार-रविवारी आणि ऑगस्टच्या मध्याला आरईआर बी दुरुस्तीसाठी बंद असते आणि बदली बसगाड्या धावतात. ते निघण्यापूर्वी बघायलाच हवं. विमानतळाला पॅरिस-क्रेय-आमियाँ मार्गाशी जोडणारी नवी रेल्वे बांधली जात आहे. ती सुरू झाली की वरचे सगळे हिशोब बदलतील. स्वस्त विमानकंपन्यांचा बोव्हे विमानतळ नकाशावर आमियाँच्या जवळ दिसतो, पण बोव्हेहून आमियाँला थेट आगगाडी नाही.

स्थानकाबाहेर पडताच ओग्युस्त पेरे या वास्तुविशारदाचा काँक्रीटचा उंच मनोरा दिसतो. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या या भागाची नवी बांधणी त्याची. कॅथेड्रल तिथून पायी दहा-बारा मिनिटांवर आहे. आधी बॅगा हॉटेलवर टाकाव्यात. मोठं सामान घेऊन कॅथेड्रलमध्ये जायचं मनातही आणू नये.

कॅथेड्रलसाठी मात्र वेळ हात राखून देऊ नका. १२२० साली बिशप एव्रार द फुयुआच्या काळात रोबेर द ल्युझार्शने काम सुरू केलं. आतली लांबी १३३ मीटर, छताची उंची ४२ मीटरहून जास्त. मुख्य काम एका शतकाच्या आत झाल्यामुळे शैली एकसंध आहे, आणि हे आत शिरताच जाणवतं. १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. प्रवेश फुकट, मनोऱ्यावर चढायला तिकीट. बहुतेक लोक मान वर करून फिरतात आणि निघून जातात. खरं तर इथे खाली बघायला शिकावं. दर्शनी भागाच्या डाव्या दारावर, डोळ्यांच्या उंचीला, बारा महिन्यांची शेतीची कामं आणि बारा राशी कोरल्या आहेत: नांगरणी, कापणी, द्राक्षं तुडवणं. आत जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडांचा अष्टकोनी चक्रव्यूह आहे, वाट २३४ मीटर. फरशी एकोणिसाव्या शतकात नव्याने बसवलेली. मूळ मधला दगड पिकार्दी संग्रहालयात आहे. मुख्य वेदीच्या मागे निकोला ब्लासेने घडवलेला रडणारा बालदेवदूत, ज्याची चित्रपत्रं पहिल्या महायुद्धात सैनिक घरी पाठवत. १५०८ ते १५१९ या काळातली लाकडी आसनं ११० आहेत, त्यांवर चार हजारांवर आकृती. ती बंद जाळीआड असतात, म्हणून आत जायची वेळ विचारून घ्या. दर्शनी भाग पश्चिमेला आहे, तेव्हा फोटो दुपारनंतरच. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात रात्री प्रकाशाने त्यावर मूळ रंग परत चढवतात. लेझरने सफाई करताना मध्ययुगीन रंगांचे अंश सापडले, त्याच आधाराने हा खेळ रचला आहे. यासाठी मुक्काम करावाच.

ओर्तियोनाज म्हणजे सोमच्या दलदलीतून निर्माण केलेले मळे, ३०० हेक्टर, मधून ६५ किलोमीटर पाण्याच्या वाटा. पूर्वी सगळा भाजीपाला इथून यायचा, आज व्यवसाय करणारे मळेकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, फेरी पाऊण तासाची. हिवाळ्यात काठाची पायवाट उघडी असते, तीही सुरेख. शनिवारी सकाळी प्लास पार्माँतिए या चौकात मळ्यातली ताजी भाजी विकायला येते.

विज्ञानकथालेखक ज्यूल व्हर्न १८८२ ते १९०० या काळात राहिला ते घर मराठी वाचकाने चुकवू नये, भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून तो आपल्याकडे घरोघरी पोहोचला. संग्रहालयांची साप्ताहिक सुटी वेगवेगळी, सोमवार-मंगळवारी आधी चौकशी करा.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावं: ‘साँ व्याँद’ म्हणजे मांस नको, एवढं म्हटलं तरी ताटात हॅम येतं. हॅमचं नाव घेऊन नकार द्या. इथली प्रसिद्ध ‘फिसेल पिकार्द’ ही हॅम भरलेली घडीची धिरडी असते. लीक या कांद्यासारख्या भाजीचा ‘फ्लामिश’ चालेल, पण त्यात अंडं असतं. बदामाचे आमियाँ माकारोंही अंड्याचेच. स्वयंपाकघरं दुपारी दोनला बंद होतात, मग संध्याकाळी सातपर्यंत गरम जेवण मिळणं कठीण.

परतीच्या दिवशी विमानाच्या साडेपाच तास आधी आमियाँहून सुटणारी गाडी घ्या, आणि सकाळचं विमान असेल तर आदली रात्र विमानतळाजवळच काढा.