अमेरिकेत ट्रक कंपनी पारखताना: सेफर, परवाना-विम्याची नोंद की एसएमएस?

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवायचं असो की गोदामातला माल पाठवायचा असो, अमेरिकेत ट्रक कंपनीची कुंडली फुकटात बघायला मिळते. ती ठेवते एफएमसीएसए, म्हणजे २००० साली सुरू झालेलं ट्रक आणि बसच्या सुरक्षेचं केंद्रीय खातं. पण ही कुंडली एका कागदावर नाही. ती तीन ठिकाणी विखुरलेली आहे, आणि बहुतेक जण पहिलंच पान बघून 'कंपनी चांगली दिसतेय' म्हणत आगाऊ रक्कम भरून मोकळे होतात.

ते पहिलं पान म्हणजे सेफर या एफएमसीएसएच्या वेबसाइटवरचं 'कंपनी स्नॅपशॉट'. यूएसडॉट नंबर (कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक), एमसी नंबर (परवान्याचा क्रमांक) किंवा नाव टाकलं की उघडतं. शक्यतो नंबरनेच शोधा, कारण एकसारख्या नावांच्या कंपन्या पैशाला पासरी आहेत. इथे कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, ट्रक किती, चालक किती, कुठला माल नेते हे सगळं दिसतं. पण यातलं बरंचसं कंपनीने स्वतःच फॉर्ममध्ये भरून दिलेलं असतं. तो फॉर्म दर दोन वर्षांनी नव्याने भरावा लागतो आणि शेवटचा कधी भरला ती तारीख पानावरच असते. तारीख तीन वर्षांपूर्वीची असेल, तर 'ट्रक: १२' या आकड्यावर फार विसंबू नये.

कंपनी 'कॅरिअर', म्हणजे स्वतः माल वाहून नेणारी आहे, की 'ब्रोकर', म्हणजे दलाल, हेही इथेच कळतं, आणि बिऱ्हाडवाल्यांनी आधी तेच बघावं. ब्रोकरकडे स्वतःचा ट्रक नसतो. फोनवर गोड बोलणारा माणूस एक आणि दारात ट्रक घेऊन येणारा भलताच, असं होतं ते यामुळेच. ब्रोकर नकोच असं नाही. पण मग कुंडली त्याची नाही, ज्याच्या ट्रकमध्ये सामान चढणार त्याची बघायची.

याच पानावर तळाशी 'सेफ्टी रेटिंग' असतं: समाधानकारक, सशर्त किंवा असमाधानकारक. सगळ्यांचा डोळा तिथेच जातो, आणि माझ्या मते फसगतही तिथेच होते. हे रेटिंग सरकारी तपासनीस कंपनीची प्रत्यक्ष तपासणी करतात तेव्हाच मिळतं. बहुसंख्य कंपन्यांना ते मिळालेलंच नसतं आणि मिळालेलं असलं तरी कित्येकदा जुनं असतं. दहा वर्षांपूर्वीचं 'समाधानकारक' म्हणजे शाळेतल्या गुणपत्रिकेवर आज नोकरी देण्यासारखं. उलट, रेटिंग नाही म्हणून कंपनी वाईट, असंही नाही. 'असमाधानकारक' दिसलं तर मात्र विषय संपला.

दुसरी नोंद परवाना आणि विम्याची. दिसायला रुक्ष, पण मला तीन मिनिटंच मिळाली तर मी ती इथे घालवीन. परवाना आज चालू आहे का, कधी दिला, मध्ये कधी रद्द झाला होता का, हा सगळा इतिहास इथे आहे. बंद पडलेली कंपनी तोच मालक नव्या नावाने, नव्या नंबरने पुन्हा उघडतो, हा या धंद्यातला जुना खेळ. अशांना तिकडे 'कमेलिअन कॅरिअर', म्हणजे सरड्यासारखे रंग बदलणारे म्हणतात. जाहिरातीत 'वीस वर्षांचा अनुभव' आणि परवाना पाच महिन्यांपूर्वीचा, हे दिसलं की सरळ विचारावं.

विम्याच्या बाबतीत एक गोम आहे. साधा माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला किमान ७,५०,००० डॉलरचा विमा लागतो, पण तो अपघातात इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा. तुमच्या मालाचा नव्हे. मालाच्या विम्याची नोंद २०११ पासून फक्त घरसामान नेणाऱ्यांनाच सक्तीची आहे, आणि तीही एका गाडीमागे किमान ५,००० डॉलरची. कपाट, पलंग, टीव्ही, भांडीकुंडी सगळं मिळून पाच हजार! बाकी माल पाठवणाऱ्यांनी विम्याचा दाखला थेट विमा एजंटकडून मागवावा. कंपनीने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नये. विमा रद्द करायचा तर विमा कंपनीने ते ३० दिवस आधी एफएमसीएसएला कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यात संपणारा विमाही इथे आधीच दिसतो.

तिसरी नोंद एसएमएस. मोबाईलवरचा नव्हे, ही सुरक्षा मोजणारी प्रणाली. रस्त्यात झालेल्या तपासण्या, सापडलेले दोष आणि अपघात, मागच्या २४ महिन्यांचे, दर महिन्याला ताजे. पूर्वी इथे कंपनीचा इतरांच्या तुलनेतला क्रमांकही दिसायचा. २०१५ च्या कायद्याने मालवाहू कंपन्यांचा तो क्रमांक लोकांपासून झाकला. बसवाल्यांचा उघडाच राहिला. म्हणून कुणी एखाद्या ट्रक कंपनीचा 'सरकारी स्कोअर' तुम्हाला दाखवत असेल, तर तो सहसा त्याने स्वतः मांडलेला हिशेब असतो. दोषांची यादी मात्र उघडी आहे, आणि ती वाचण्यासारखी असते. एखादा दिवा गेला, ठीक आहे. पण ब्रेक पुन्हापुन्हा, किंवा ११ तासांच्या मर्यादेपलीकडे गाडी चालवणं पुन्हापुन्हा, ही कंपनीची सवय असते.

आकडे वाचताना मात्र घाई नको. दोन तपासण्यांत एक गाडी रस्त्यावरून बाजूला काढली, तर टक्केवारी ५० येते. देशाची सरासरी विसाच्या थोडी पुढे. म्हणून कंपनी भयंकर ठरत नाही. साठ तपासण्यांत तीस निघाल्या तर गोष्ट वेगळी. अपघातांच्या यादीतही चूक कोणाची होती हे सहसा धरलेलं नसतं. सिग्नलला उभ्या ट्रकला मागून कुणी धडकला आणि गाडी ओढून न्यावी लागली, तरी तो अपघात ट्रक कंपनीच्याच खात्यात मांडला जातो.

तेव्हा एकदाच घर हलवणाऱ्याने स्नॅपशॉटवर कॅरिअर-ब्रोकर बघावं, मग परवाना-विमा. एसएमएस वरवर चाळलं तरी चालेल. दर आठवड्याला माल पाठवणाऱ्याने एसएमएस दर महिन्याला उघडावं आणि विम्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. नोकरी शोधणाऱ्या चालकासाठी माझं मत उलटं आहे: आधी एसएमएस. ज्या ब्रेकची तिथे नोंद आहे, त्याच गाडीत त्याला बसायचं आहे.

आणि ट्रक दारात आला की खाली उतरून त्याचं दार बघा. नाव आणि यूएसडॉट नंबर दोन्ही बाजूंना, दिवसाउजेडी ५० फुटांवरून वाचता येतील असे लिहिलेले असणं नियमाने बंधनकारक आहे. करारातला आणि दारावरचा नंबर जुळला नाही, तर पहिलं खोकं चढवण्याआधी फोन लावा.