हीटिंग डिपॉझिट: दुबईहून कॅलगरीला येताना आम्हाला कसं गंडवलं

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे दुसऱ्यांची बिलं तपासणं. अकरा वर्षं दुबईत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. ‘आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इकडे पाठवा’ असा सप्लायरचा मेल आला, की आधी जुन्या नंबरवर फोन करून खातरजमा करायची, हे मी नव्या पोरांना घोकून घ्यायला लावायचे. त्याच मी, ज्याचा चेहरा आजतागायत पाहिलेला नाही अशा माणसाला 4,500 कॅनेडियन डॉलर पाठवले. म्हणजे बारा हजार दिरहम. रुपयांत पावणेतीन लाख. आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

आमचे कॅनडाच्या पीआरचे, म्हणजे कायमच्या रहिवासाचे, कागद 2023च्या ऑक्टोबरमध्ये आले. टोरांटोची भाडी परवडणारी नव्हती, कॅलगरी ज्यात येतं त्या अल्बर्टात प्रांताचा वेगळा विक्रीकर नाही, नवऱ्याच्या ओळखीचं कुणीतरी कॅलगरीत होतं (नंतर कळलं, ते दोन वर्षांपूर्वीच व्हँकूवरला गेले), म्हणून कॅलगरी. उन्हाळ्यात जाऊ म्हटलं, तर कागदांची मुदत मेडिकलशी बांधलेली. तिकीट निघालं 12 जानेवारीचं.

आणि तिथून घरात थंडीशिवाय दुसरा विषय नाही. दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये एसी लावून आम्ही उणे तीसचे व्हिडिओ बघायचो. उकळतं पाणी हवेत फेकलं की त्याचा धूर होतो, पापण्यांवर बर्फ धरतो, वगैरे. मुलगा सात वर्षांचा. त्याने आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे मॉलमधल्या स्की स्लोपवरचा. उतरल्या उतरल्या या पोराला घेऊन जायचं कुठे, हा एकच प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता. त्यात कुणीतरी सांगितलं, की पीआर कार्ड पोस्टाने येतं, त्याला कॅनडातला पत्ता लागतो, उतरतानाच विचारतात. झालं. जायच्या आधी घर हवंच, असं ठरलं. पत्ता द्यायला उतरल्यापासून 180 दिवस असतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते आम्ही अक्षरशः केलं.

एका ग्रुपवर जाहिरात दिसली. शहराच्या ईशान्य भागात घराचा वरचा मजला, दोन बेडरूम, भाडं 1,850. पुढे हिरवंगार लॉन, फाटकाशी पानांनी भरलेलं झाड. वाळवंटात राहिलेल्या माणसाला लॉन दिसलं की तो बाकी काही बघत नाही. डिसेंबरात टाकलेल्या जाहिरातीत झाडाला पानं कशी, हा प्रश्न मला पडला नाही. कॅलगरीत डिसेंबरात गवत एक तर पिवळं पडलेलं असतं, नाही तर बर्फाखाली.

मालक फार गोड बोलायचा. फोनवर नाही, मेसेजवर. नोकरीसाठी व्हँकूवरला गेलोय, घर दाखवायला येता येत नाही, पण तुमच्यासारखं कुटुंब मिळालं तर बरं. मी व्हिडिओ कॉल मागितला, तर म्हणे सध्याचे भाडेकरू आत आहेत, त्यांची प्रायव्हसी. त्याऐवजी चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ पाठवला. स्वयंपाकघर, जिना, खिडकीतून येणारं ऊन. मी तो आईला फॉरवर्ड केला.

मग त्याने थंडीचा विषय काढला. खरं तर काढला मीच. हीटिंग चालू असेल ना, असं मी तीनदा विचारलं असेन. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याचा लांबलचक मेसेज आला: भाडेकरू 31 डिसेंबरला जाणार, तुम्ही येणार 12ला. मधले बारा दिवस घर रिकामं. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) बंद राहिली तर नळ गोठून फुटतात, इन्शुरन्स भरपाई देत नाही. तेव्हा फर्नेस चालू ठेवण्यासाठी आणि माणूस पाठवून घर बघायला 650 डॉलर हीटिंग डिपॉझिट. पहिल्या बिलात वळतं करू.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटलं. रिकाम्या घरात हीटिंग बंद पडलं तर पाईप खरोखर फुटतात. नवरा मेकॅनिकल इंजिनीअर, पण त्याची सगळी नोकरी चिलरवर गेलेली. घरं गार करण्यात आयुष्य घातलेला माणूस मान डोलावत म्हणाला, “बरोबर आहे त्याचं, पाणी गोठलं की प्रसरण पावतं.” आठवीच्या विज्ञानाच्या जोरावर आम्ही 650 डॉलर कबूल केले.

इथे दुबईची सवयही नडली. तिकडे घर घ्यायचं म्हणजे आधी चेक. वर्षाचं भाडं चार चेकमध्ये, पाच टक्के डिपॉझिट, पाच टक्के एजंटचं कमिशन, मग इजारी, म्हणजे कराराची सरकारी नोंदणी, मग वीजपाण्यासाठी ‘देवा’कडे डिपॉझिट (हा देव पैसे घेतल्याशिवाय पावत नाही). चावी सगळ्यात शेवटी. आपल्याकडेही भाडेकरार नोंदवावाच लागतो, 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यातच तसं आहे. म्हणजे शिक्का दिसला की जीव भांड्यात पडायचा, ही सवय आम्हाला पुण्यानेही लावलेली आणि दुबईनेही. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे कराराची सरकारी नोंदणी असते का? तो म्हणाला, असते ना, 150 डॉलर. दुसऱ्या दिवशी निळ्या गोल शिक्क्याचा पीडीएफ हजर. अल्बर्टात वर्षभराचा साधा भाडेकरार कुठे नोंदवावा लागतच नाही. त्या शिक्क्याची कल्पना त्याला मीच पुरवली होती.

आता हिशेब बघा. भाडं 1,850, डिपॉझिट 1,850, हीटिंगचे 650, नोंदणीचे 150. बरोबर 4,500. खातं कॅनडातलंच, पण नाव मालकाचं नव्हतं. मनात पाल चुकचुकली, मी विचारलंही. ‘माझा प्रॉपर्टी मॅनेजर.’ एक्स्चेंज हाऊसमधल्या मुलाने फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, ये आदमी आपका कौन है?” मी म्हटलं, घरमालक. खोटंच बोलले की. नाव तर त्याचं नव्हतंच. माझ्या ऑफिसात एखाद्या पोराने असं पेमेंट सोडलं असतं, तर मी त्याला उभं आडवं घेतलं असतं.

पैसे पोचल्यावर चार आकड्यांचा कोड आला. दाराच्या मुठीला लॉकबॉक्स असेल, त्यात चावी.

टोरांटोमार्गे कॅलगरीला पोचलो तेव्हा संध्याकाळच होती, पण पाचलाच अंधार पडलेला. विमानतळाबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस कडक झाले. टॅक्सीवाले काका पंजाबी. वाटेत एका गाडीच्या नाकातून वायर लोंबताना दिसली, मला वाटलं इलेक्ट्रिक गाडी. काका हसले. पेट्रोलचीच, पण इंजिन गोठू नये म्हणून रात्री प्लगला लावतात म्हणे.

घर होतं. नंबर बरोबर, जिना तोच, झाड तेच, फक्त काड्यांचं. लॉकबॉक्स नव्हता. मला वाटलं बर्फाखाली असेल. ग्लोव्ह काढून मुठीभोवती, चौकटीवर, पायपुसण्याखाली चाचपलं. लोखंडाला बोट लागलं की चटका बसल्यासारखं होत होतं, आणि त्या क्षणी मला काय सुचावं? दुबईत ऑगस्टमध्ये गाडीच्या दाराला हात लावला की असंच होतं. दोन मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. काका मागून ओरडले, “बेटी, बच्चे को गाडी से मत निकालना.” मीटर बंद करून ते इंजिन चालू ठेवून थांबले होते. ते निघून गेले असते तर काय, याचा विचार मी अजूनही करत नाही.

आत दिवा होता. शेवटी बेल दाबली. स्वेटर घातलेल्या एका आजींनी दार किलकिलं केलं, आमच्या पाच बॅगांकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, अरे देवा, परत? आमच्या आधी नाताळात एक कुटुंब येऊन गेलं होतं. घर आजींनी शरद ऋतूत विकत घेतलेलं, भाड्याने कधीच नव्हतं. फोटो आणि व्हिडिओ घर विक्रीला होतं तेव्हाच्या जाहिरातीतले. त्यांनी आम्हाला दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत घेतलं, मुलाला बिस्किट दिलं. मी रडले नाही. मला फक्त शरम वाटत होती.

काकांनी एका मोटेलला नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी, 13 जानेवारीच्या संध्याकाळी, सातच्या सुमाराला खोलीतले मोबाइल एकदम किंचाळायला लागले. अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर ताण आलाय, गरजेपुरतीच वीज वापरा, असा आणीबाणीचा इशारा. बाहेर उणे तीसच्या खाली. मुलगा म्हणाला, “आई, आता इथलंही हीटिंग जाणार?” लोकांनी पटापट दिवे बंद केले, वीज गेली नाही. आम्हीही टीव्ही बंद करून अंधारात बसलो. तो मालक त्या वेळी व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसत होता. त्याने मला ब्लॉकसुद्धा केलं नव्हतं.

पैसे परत मिळाले नाहीत. एक्स्चेंज हाऊसने ट्रान्सफर मागे घ्यायची विनंती पाठवली, खातं तोवर रिकामं. पोलिसांत तक्रार केली, कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला कळवलं. पैशांपेक्षा जास्त घोर पासपोर्टच्या प्रतींचा आणि बँक स्टेटमेंटचा आहे, तेही त्याच्याकडे आहे. सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा इथला सरकारी नंबर) तेव्हा मिळालेला नव्हता म्हणून वाचला, मागितला असता तर तोही दिला असता. बँकेतल्या बाईंनी सांगितल्यावर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे सूचना टाकून ठेवली.

आता येणाऱ्यांसाठी. अल्बर्टात डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, मग त्याला हीटिंग म्हणा नाहीतर आणखी काही. रिकामं घर गरम ठेवणं ही मालकाची डोकेदुखी. घर कुणाच्या नावावर आहे, हे प्रांताच्या लँड टायटल्समध्ये दहा डॉलर भरून कुणालाही बघता येतं. दहा डॉलर! जाहिरातीतला फोटो गुगलवर उलटा शोधायला तेवढेही लागत नाहीत. इथल्या कुणाही मराठी माणसाला ‘जरा त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवाल का’ म्हटलं असतं, तरी काम झालं असतं. संकोच केला. अनोळखी भामट्याला पासपोर्ट पाठवताना संकोच वाटला नाही, अनोळखी मराठी माणसाला मेसेज करताना वाटला. पहिले दोन आठवडे मोटेल किंवा थोड्या दिवसांच्या भाड्याची खोली घ्या. महाग वाटते, पण आम्ही शेवटी तेच केलं, 4,500 वर भरून. आणि मोटेलची खोली गरम असते हो. इथे सगळं आतून इतकं गरम असतं की आम्ही टीशर्टवर वावरतो. ही एक गोष्ट आधी कळली असती तर ते 650 तरी वाचले असते.

जानेवारीच्या शेवटी चिनूक आला, पश्चिमेकडचा कोरडा गरम वारा. रातोरात पारा शून्याच्या वर आणि छपरांवरून ठिबक ठिबक. त्याच आठवड्यात आम्ही पायाने चालत जाऊन, दारं उघडून, नळ सोडून बघून घर घेतलं. आजींकडे मधूनमधून जातो.

जूनमध्ये आखातातल्या एका ग्रुपवर तेच लॉन पुन्हा दिसलं. मालक नवा, भाडं 1,750, हीटिंग डिपॉझिट भर उन्हाळ्यातही 650. मी खाली लिहिलं, या घरात एक आजी राहतात, लॉकबॉक्स नाही. तासाभरात जाहिरात गायब. दोन दिवसांनी तेच झाड, तिसरं नाव, आणि आता मला त्या ग्रुपवरून काढलेलं आहे.