फॉरबिडन सिटीच्या मागच्या गेटवरचे रिक्षावाले

सध्या ओळखीतले बरेच जण चायनाला निघालेत, 2025 च्या ऑक्टोबरपासून डायरेक्ट फ्लाइटही परत सुरू झाल्या, म्हणून हे सविस्तर लिहितेय. बीजिंगमध्ये आमच्याकडून पैसे उकळले ते रात्रीबेरात्री कुठे नाही, भर दुपारी, फॉरबिडन सिटीतून, म्हणजे तिथल्या जुन्या राजवाड्यातून, बाहेर पडल्या पडल्या.

आधी तिथली रचना समजून घ्या कारण सगळा धंदा त्यावरच चालतो. आत जायचं दक्षिणेकडून, तिआनआनमेन चौकाच्या बाजूने (बुकिंग आधीच ऑनलाइन, पासपोर्ट नंबरवर, सोमवारी बंद). पॅलेसची लांबी एक किलोमीटरच्या आत-बाहेरच आहे, पण चौक, पायऱ्या, बाजूचे महाल असं करत पायाचे तुकडे पडतात आणि बहुतेक सगळी गर्दी बाहेर निघते उत्तरेला, शेनवूमेन गेटने. आलात त्या रस्त्याने परत जाता येत नाही. मेट्रो स्टेशन तिथून बरंच लांब, टॅक्सी गेटसमोर थांबत नाही. थकलेला, भुकेलेला, रस्ता न कळणारा टुरिस्ट असा दिवसभर त्या गेटमधून बाहेर पडत असतो आणि हे लोक तिथेच टपून असतात.

आमच्याबरोबर सासू-सासरे, सासूबाईंचे गुडघे आधीच बोंबललेले. एक रिक्षावाला आला, रिक्षा म्हणजे तीनचाकी, मागे दोघं बसतील अशी, लाल छत, हसतमुख माणूस. वांगफुजिंग, म्हणजे तिथला शॉपिंगचा रस्ता, म्हटल्यावर तीन बोटं दाखवली. नवरा व्यवहारात पक्का, त्याने मोबाइलवर 30 टाइप करून दाखवलं, तो जोरजोरात मान हलवून हो हो म्हणाला. एका गाडीत चौघं मावणार नाहीत म्हणून त्याने शीळ घालून दुसरा बोलावला, सासू-सासरे त्यात. ही जी वाटणी झाली ना, ती फार सोयीची असते त्यांना, तेव्हा काय कळतंय.

थोडं मेन रोडने गेल्यावर गाडी हुतोंगमध्ये वळली, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्या, करड्या विटांच्या भिंती, खिडकीतून वायर खाली सोडून चार्जिंगला लावलेल्या स्कूटर, माणूस एक नाही. तिथे थांबला, पुढे बोट दाखवून म्हणाला वांगफुजिंग, आणि सीटखालून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. वर इंग्लिश, खाली चायनीज, माणशी 300 युआन. म्हणजे चौघांचे 1200, आपले चौदा-पंधरा हजार रुपये! मघाचा हसरा चेहरा कुठच्या कुठे. नवऱ्याने मोबाइलवरचे 30 दाखवले तर तो त्यापुढे आणखी एक शून्य दाबून दाखवतोय. आणि सासू-सासऱ्यांची गाडी दिसेचना. खरं सांगते, पैशाचं तेव्हा डोक्यातच नव्हतं, त्यांच्याकडे ना इंटरनेट ना भाषा, आणि समोरच्याला ते बरोबर माहीत होतं, सारखा मागे हात करून खुणावत होता, पैसे द्या मग ते येतील.

मी मोबाइलवर 110 टाइप करून स्क्रीन त्याच्यासमोर धरली, हा तिथला पोलिसांचा नंबर. लगेच 1200 चे 600 झाले, मग 400, दोन मिनिटांत दुसरी गाडीही कोपऱ्यावरून आली. शेवटी 200 वर सुटलो, तेही त्याला कॅशच हवी होती, अलीपेला (तिथलं मोबाइल पेमेंट) हातानेच नाही म्हणाला, रेकॉर्ड राहतो ना. उतरलो तिथून वांगफुजिंग आणखी अर्धा तास चालत होतं, ते वेगळंच. सासरे रस्ताभर म्हणत होते, अरे पुण्यातले रिक्षावाले बरे, निदान नाही तरी म्हणतात.

नंतर हॉटेलवाल्या मुलीने सांगितलं ते उपयोगाचं आहे. वांगफुजिंगलाच जायचं तर उत्तरेपर्यंत जाऊच नका, पूर्वेकडच्या दोंगहुआमेन गेटनेही बाहेर पडता येतं, तिथून आरामात चालत जाता येतं. उत्तरेला निघालात तर सिटी बसचा स्टॉप आहे, किंवा एक-दोन रस्ते पुढे जाऊन अलीपेमधूनच दीदी (तिथली उबरसारखी टॅक्सी) बोलवा. बसलातच तीनचाकीत तर घरच्या वयस्कर माणसांना वेगळ्या गाडीत बसवू नका, आणि भाडं ठरवताना माणशी की गाडीचं, युआनच ना, हे लिहून त्याचा फोटो काढा, फोटो काढताना कुरकुरला तर तिथेच सोडा.

वांगफुजिंगवरही दोन गोड मुली आल्या, इंग्लिशची प्रॅक्टिस करायचीय, चला चहा पिऊ. हा तिथला जुनाच प्रकार आहे, टी हाउसमध्ये नेऊन हजारोंचं बिल हातात देतात. सासूबाईंनी मराठीतच सांगितलं, आम्ही चहा सोडलाय.

ग्रेट वॉलला जायच्या दिवशी देशेंगमेनला 877 नंबरची बस शोधत होतो तर बस कंपनीसारखं जॅकेट घातलेला एक जण आडवा आला, आज बस बंद, माझ्या गाडीतून चला. सासरे त्याच्या बाजूने सरळ पुढे गेले आणि रांगेत जाऊन उभे राहिले. बस होती.